शेंडा कुणी वाकवला?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी पंचवटीत राहतो, वय ७१. यंदा मे ते ऑगस्ट मुलाकडे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात होतो. त्याच्या अंगणात पाइनची सात झाडं आहेत, साधारण दोन पुरुष उंचीची. जुलै लागला आणि त्यातल्या तिघांनी माना टाकल्या. फक्त शेंडा वाकला, छत्रीच्या मुठीसारखा, मग तांबूस पडला. खालच्या फांद्या हिरव्यागार. महिनाअखेरीस एक शेंडा मोडून पाहिला तर सालीखाली पांढऱ्या अळ्या आणि लाकडाच्या बारीक धाग्यांच्या गाद्या. ऑगस्टमध्ये किडाही सापडला. तांदळाच्या दाण्याएवढा, तपकिरी, पाठीवर पांढुरके डाग आणि तोंडाला चक्क सोंड, आपल्या गव्हातल्या पोरकिड्यासारखी! मुलगा म्हणतो, झाडं काढून टाकू. मला ते पटत नाही. फोटो जोडला आहे. वाळलेल्या शेंड्याचा तुकडाही बॅगेत टाकला होता, पण सूनबाईंनी काढून ठेवला. हा किडा कोणता? झाडं वाचतील का?
(एक वाचक, पंचवटी, नाशिक)

उत्तर : काका, झाडं वाचतील. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल. मुलाला आजच फोन करा आणि झाडांना हात लावू नको म्हणून सांगा.

तुमच्या फोटोत सुयांचा एक झुपका अगदी स्पष्ट आलाय. मी भिंग लावून मोजल्या, पाच सुया. आपल्याकडे हिमाचलात जो चीड दिसतो त्याच्या झुपक्यात तीन असतात. पाच म्हणजे तिकडचा पांढरा पाइन. आपल्या हिमालयातला कैल त्याचा जवळचा भाऊबंद, त्यालाही पाचच. आणि पांढऱ्या पाइनचा फक्त शेंडा जुलैत असा मूठ वळवून वाळला, सालीखाली धाग्यांच्या गाद्या निघाल्या, तर किड्याच्या नावाबद्दल शंका उरत नाही. व्हाइट पाइन वीव्हिल, शास्त्रीय नाव पिसोडीस स्ट्रोबी. हार्वर्डमध्ये निसर्गविज्ञान शिकवणाऱ्या विल्यम डँड्रिज पेक यांनी १८१७ साली त्याचं वर्णन लिहिलं. लांबी ४ ते ६ मिलिमीटर. तुमची पोरकिड्याची उपमा मला फार आवडली, कारण ती नुसती उपमा नाही. गव्हातला पोरकिडा आणि हा, दोघंही सोंडकिड्यांच्याच मोठ्या खानदानातले. या खानदानात पन्नास हजारांहून जास्त जातींची नोंद झालेली आहे.

मी एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. दरवर्षी पहिल्या वर्गाला मी मुलांपुढे एक पोरकिडा आणि एक भिंग ठेवायची आणि विचारायची, तोंड कुठे आहे? मुलं डोळ्यांच्या खाली बोट दाखवायची. तोंड तिथे नसतं. सोंडेच्या अगदी टोकाला असतं, तिथे इवलेसे जबडे असतात. मिशा सोंडेच्या मधूनच फुटतात आणि कोपरात वाकवलेल्या हातासारख्या वळतात. म्हणजे ही हत्तीसारखी नाकाची सोंड नव्हे, डोकंच पुढे ओढून लांब केलेलं आहे. हे बघितल्यावर मी दुसरा प्रश्न विचारायची. एवढं लांब तोंड कशाला? खायला इतकं लांब लागत नाही. लागतं ते अंड्यासाठी. मादी सोंडेनं भोक पाडते, वळते, त्यात अंडं ठेवते आणि वरून बूच लावते. म्हणून सोंडकिड्याचा प्रश्न आला की मी पहिल्यांदा एकच विचारते, त्यानं अंडं कुठे ठेवलंय? उपाय त्या जागेवरून ठरतो. औषधाचा डबा नंतर.

तुमच्या अंगणात ती जागा म्हणजे मागच्या वर्षीचा शेंडा. हा किडा थंडीभर झाडाच्या बुंध्याशी, गळालेल्या सुयांच्या थरात दडून बसतो. बर्फ वितळून ऊन तापायला लागलं की बाहेर येतो आणि थेट टोकाकडे निघतो. काही चालत चढतात, काही उडतात. खालच्या पन्नास कोवळ्या फांद्या सोडून तो सर्वांत वरच्या, सरळ उभ्या शेंड्यावर जातो, टोकाच्या कळीच्या जरा खाली. तिथे सोंडेनं टोचून आतली साल खातो. प्रत्येक टोच्यातून राळेचा थेंब येतो आणि उन्हात चमकतो. तुम्ही मे महिन्यात गेलात तेव्हा त्या तीन शेंड्यांवर असे थेंब नक्की असणार, पण दोन पुरुष उंचीवर कोण बघतं! त्यातल्याच काही भोकांत मादी अंडी घालते.

अंडी फुटली की अळ्या सालीखाली खालच्या दिशेनं खात निघतात. एकट्या नाही. शेंड्याभोवती गोल कडं करून, खांद्याला खांदा लावून, एका ओळीत. खाचरात भात कापणाऱ्या बाया एका रांगेत पुढे सरकतात तशा. कारण राळ. झाड आपल्या बचावासाठी जखमेत राळ सोडतं आणि एकटीदुकटी अळी त्यात बुडून मरते. सगळ्या मिळून चहूबाजूंनी कडं कापत गेल्या की राळेच्या वाटाच तुटतात. वरचा कोवळा फुटवा तहानेनं मान टाकतो, ती तुमची छत्रीची मूठ. पुढे अळ्या लाकडात छोट्या खोल्या कोरतात, लाकडाचे धागे काढून वर झाकण करतात आणि आत कोष होतात. तुम्ही पाहिलेल्या गाद्या त्याच. ऑगस्टच्या आसपास त्यातून किडे गोल भोकं पाडून बाहेर पडतात. वर्षाला एकच पिढी.

आता झाडाचं काय होतं ते सांगते, कारण तुमच्या मुलाची भीती तिथे आहे. आमचे वडील सिन्नरकडच्या शेतात दर डिसेंबरात हरभऱ्याचे शेंडे खुडायचे. आम्ही भावंडं मागे फिरून ती भाजी ओच्यात गोळा करायचो, हात आंबट व्हायचे. शेंडा खुडला की बाजूचे फुटवे जोरात निघतात, घाटे वाढतात. तुमच्या द्राक्षवाल्या नातेवाइकांना विचारा, तेही शेंडा मारतात तो याचसाठी. शेंड्यात एक रस तयार होतो, तो खाली उतरत राहतो आणि बाजूच्या डोळ्यांना झोपवून ठेवतो. शेंडा गेला की बाजूचे जागे होतात. पाइनमध्येही तेच. वरचं टोक मेलं की त्याखालच्या चक्रातल्या, म्हणजे खोडाभोवती एकाच उंचीवर गोल फुटलेल्या, चारपाच फांद्या एकेक करून वर वळू लागतात, प्रत्येकीला शेंडा व्हायचं असतं. एक जिंकली तर खोडाला त्या जागी बाक येतो. दोन जिंकल्या तर दुबेळकं होतं. दर दोनतीन वर्षांनी असं घडत राहिलं तर झाड उंच न होता घेरदार, गुबगुबीत होतं. तिकडचे लोक अशा झाडाला कॅबेज पाइन म्हणतात, कोबी पाइन. मरत मात्र नाही. सावली देतं, पक्षी ठेवतं, शंभर वर्षं जगतं.

हरभऱ्यात जो फायदा तो पाइनमध्ये तोटा, याचं कारण माणसाला पाइन सरळ हवा होता. हे झाड जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी नावाजलेलं. मॅसॅच्युसेट्सच्या १६९१ च्या सनदेत इंग्लंडच्या राजानं चोवीस इंच आणि त्याहून जाड बुंध्याची झाडं स्वतःसाठी राखून ठेवली, त्यांच्यावर कुऱ्हाडीनं बाणाची खूण करायची माणसं नेमली. लोकांना ते इतकं झोंबलं की १७७२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या वेअर गावात दंगल झाली. त्या जुन्या जंगलात पाइन दाट सावलीत, एकमेकांशी चढाओढ करत वर गेलेले असायचे. पुढे एकोणिसाव्या शतकात त्या भागातल्या शेतकऱ्यांनी खडकाळ शेतं सोडली आणि पडीक रानावर उघड्या उन्हात पाइनच पाइन उगवला. सोंडकिड्याला मेजवानी झाली. कारण त्याला जाड, उन्हानं तापलेला शेंडा लागतो. सावलीत वाढलेल्या पाइनचा शेंडा बारीक असतो, साल पातळ, आत अळ्यांना पुरेल एवढं खाणं नाही आणि हवाही थंड.

माझ्या मते या साऱ्या गोष्टीत समजून घ्यायचं ते हेच आहे, म्हणून जरा रेंगाळले. किडा तेव्हाही होता, आताही आहे. सावली गेली तेव्हा तो उपद्रवी ठरला.

तर तुमच्या मुलानं काय करायचं? पुढच्या मे-जूनमध्ये दुर्बिणीनं किंवा शिडीवरून शेंड्यांवर लक्ष ठेवायचं. शेंडा मान टाकताना दिसला की जुलैच्या मध्याआधी, म्हणजे किडे बाहेर पडण्याआधी, तो कापायचा. साल हलकेच खरवडत खाली यायचं आणि जिथे शेवटची अळी संपते, पांढरी ओली निरोगी साल लागते, तिथे कात्री चालवायची. खालच्या चक्रातली एक जोमदार फांदी ठेवून बाकीच्या निम्म्या छाटायच्या. ठेवलेल्या फांदीला बांबूची काठी लावून सुतळीनं सैल बांधायचं, टोमॅटोला बांधतो तसं. वर्षभरात ती सरळ होते. यंदाच्या तीन झाडांनाही हेच करा, उशीर झाला तरी चालेल, शेंडा तर नव्यानं घडवायचाच आहे.

कापलेल्या शेंड्यांचं काय करायचं यात एक जुनी सुंदर युक्ती आहे. ते सरसकट जाळू नका. त्या शेंड्यात सोंडकिड्याच्या अळ्या आहेत तशा त्या अळ्यांना खाणाऱ्या एका छोट्या माशीच्या अळ्याही आहेत, परजीवी गांधीलमाश्याही आहेत. शेंडे एका पिंपात टाकून तोंडाला अशी जाळी लावायची की बारीक माश्या निसटतील आणि जाडजूड सोंडकिडे आतच राहतील. आपले शत्रू कैद, आपले मित्र मोकळे. झाडं साधारण तीस फुटांच्या वर गेली की हा त्रास पुष्कळ कमी होतो. नवीन पाइन लावायचा असेल तर मोठ्या झाडाच्या अर्ध्या सावलीत लावायला सांगा.

आणि सूनबाईंना माझा नमस्कार कळवा. तो तुकडा त्यांनी बॅगेतून काढला हे फार योग्य केलं. आपल्या सह्याद्रीत पाइन नाही, पण हिमालयात कैल आहे, पाच सुयांचा, त्याच घरातला. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ हैदा ग्वाय नावाची बेटं आहेत. समोरच्या मुख्य भूमीवर हाच किडा सिटका स्प्रूस या पाइनच्या नात्यातल्या झाडाचे शेंडे मारतो आणि या बेटांवर तो पोचलेलाच नाही, मधल्या समुद्रामुळे. पर्यटकाच्या बॅगेतला एक वाळका शेंडा असा समुद्र पार करू शकतो.

प्रश्न : ताई, मी सिडकोत राहते. दर एप्रिलला दोन क्विंटल निफाडचा गहू भरते. एरंडेल चोळते, कडुनिंबाचा पाला घालते, तरी पावसाळ्यात पोरकिडे होतातच. चाळते, उन्हात घालते, किडे पळतात, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. मुगाला मात्र तेल लावलं की काही होत नाही. असं का? दुकानदारानं कोठीत ठेवायला गोळ्या दिल्यात, ठेवू का?
(एक गृहिणी, सिडको, नाशिक)

उत्तर : गोळ्यांचं आधी. ठेवू नका. आज, आत्ता, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा घराबाहेरच्या जागी काढा. त्या बहुधा फॉस्फाईडच्या असणार. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून विषारी वायू निघतो, तो गोदामासाठी आहे, माणसं झोपतात त्या घरासाठी नाही. आमच्या जुन्या इमारतीत एका कुटुंबानं कोठी स्वयंपाकघरात ठेवली होती आणि त्यात अशा गोळ्या. रात्रीतून चौघांना दवाखान्यात न्यावं लागलं. धाकटी मुलगी वाचली नाही. तिला मी फुलपाखरांची नावं शिकवत असे. ज्यानं गोळ्या दिल्या त्यानं एक शब्द बजावून सांगितला नव्हता.

आता तुमचा प्रश्न, आणि तो अगदी नेमका आहे. मुगातला भुंगा आपलं अंडं दाण्याच्या बाहेर चिकटवतो. न पाखडलेले मूग ताटात पसरून बघा, काहींवर खसखशीहून बारीक पांढरा ठिपका दिसेल, नखानं सहज निघत नाही. ते अंडं. त्यावर तेलाचा हात फिरला की ते गुदमरतं. गव्हातला पोरकिडा सोंडकिडा आहे. मादी सोंडेनं दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं ठेवते आणि चिकट बूच लावून दाणा पहिल्यासारखा करते. तेल बाहेर, अंडं आत. बिनपायांची पांढरी अळी त्याच एका दाण्यात जन्मते, त्याच्याच पिठावर वाढते, तिथेच कोष होते आणि साधारण महिन्याभरात किडा होऊन बाहेर येते. तुम्ही चाळून पिढी काढता ती बाहेर आलेली. पुढची पिढी धडधाकट दिसणाऱ्या दाण्यांत बसलेली असते. मूठभर गहू पाण्यात टाका, पोखरलेले तरंगतील, किती ते कळेल.

म्हणून ऊन द्यायचं ते किडे पळवायला नाही, दाणा तापवायला. एप्रिल-मेच्या दुपारी, गच्चीवर, जेमतेम दोन बोटं जाडीचा थर, वरून पारदर्शक प्लास्टिकचा कागद, कडा विटांनी दाबलेल्या. दाण्याचं तापमान पन्नास अंशांच्या वर गेलं की आतली अळीही मरते. कागद काढून दाणा थंड होऊ द्या, मग भरा. दाताखाली कट्कन वाजला पाहिजे. दबला तर ओलावा आहे, आणि ओला दाणा म्हणजे पोरकिड्याचं माहेर. कोठी आधी रिकामी करून फटींतला जुना भुगा झाडा, कारण जुन्या चार दाण्यांतूनच नव्या धान्यात शिरकाव होतो. सगळा गहू एका कोठीत भरू नका, तीन घट्ट झाकणाच्या डब्यांत भरा, म्हणजे पावसाळ्यात एकच उघडा राहील. रवा, दलिया असं थोडंथोडकं असेल तर आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवून मग डब्यात भरा. एरंडेल बंद करा असं मी म्हणणार नाही, दाणे निसरडे होतात, थोडा अटकाव होतो. पण गव्हात भरवसा उन्हावर ठेवा आणि तेल मुगासाठी राखा.

प्रश्न : मॅडम, मी लासलगावची, दहावीत आहे. आमच्या इथल्या केंद्रात आंबे अमेरिकेला जाण्याआधी गॅमा किरणांतून नेतात. आजोबा म्हणतात, कोयीतल्या किड्यामुळे. आंब्याला बाहेरून भोक नसतं, मग किडा कोयीत शिरतो कसा?
(एक विद्यार्थिनी)

उत्तर : बाळ, आजोबांचं बरोबर आहे. फळमाशी हेही एक कारण आहे, पण कोयीतला सोंडकिडा महत्त्वाचा. त्याचं नाव स्टर्नोकीटस मँगिफेरी. कैरी लहान असताना मादी तिच्या सालीत होडीच्या आकाराची खाच करते, त्यात अंडं ठेवते. मग शेजारी चंद्रकोरीसारखी एक चीर देते. कैरीचा चीक ओघळतो, अंड्यावर पसरतो आणि वाळून झाकण होतो. झाडाचाच चीक, झाडाविरुद्ध वापरलेला! अळी निघते तेव्हा दोऱ्याएवढी बारीक असते. ती गरातून सरळ कोयीत जाते, त्या वेळी कोय कोवळी असते. कैरी वाढत राहते, गरातली वाट बुजून जाते, कोय टणक होते. आंबा पिकेल तेव्हा बाहेर काही खूण नसते आणि आत किडा तयार झालेला असतो.

पाहून निवडता येत नाही, धुऊन निघत नाही, म्हणून किरण. तुमच्या गावचं केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्रानं मुळात कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून उभं केलं आणि २००७ पासून तिथून अमेरिकेला आंबे जाऊ लागले. आंब्याला कमीत कमी ४०० ग्रे मात्रा देतात (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं माप). एवढ्यानं प्रत्येक किडा जागच्या जागी मरतो असं नाही, पण त्याचा वंश पुढे वाढत नाही. किरण फळातून आरपार जातात, फळात राहत नाहीत, त्यामुळे आंबा किरणोत्सारी होत नाही. तो खाल्ला तर चालतो, मैत्रिणींनाही सांग.

आता एक काम. येत्या जूनमध्ये घरी खाल्लेल्या आंब्यांच्या कोयी फेकू नकोस. सावलीत वाळव आणि आजोबांना अडकित्त्यानं फोडायला सांग, तू स्वतः फोडू नकोस, अडकित्ता सटकतो. किती कोयी फोडल्या आणि किती जणींत किडा निघाला ते वहीत लिही, आंबा रायवळ की कलमी तेही. किडा हातात घेतलास तर तो पाय आवळून मेल्याचं सोंग करेल. हलवू नकोस, दोन मिनिटं थांब. आधी मिशा उघडतील, मग पाय. मिशा सोंडेच्या कुठल्या भागातून निघतात त्याचं पेन्सिलनं चित्र काढ आणि ते मला या पत्त्यावर पाठव.